हरण्याचा हक्क

बेसबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वी एक छोटासा विधी होतो. होम प्लेटपाशी दोन्ही संघांकडून पंचांच्या हाती एकेक कागद दिला जातो. त्यावर नऊ फलंदाजांची नावे क्रमाने लिहिलेली असतात. कोण आधी खेळणार, कोण मागाहून, मैदानात कोण कुठे उभा राहणार आणि कोण बाकावर बसून राहणार, हे सगळे त्या कागदावर ठरलेले असते. ही यादी लिहितो तो संघाचा मॅनेजर. ८ एप्रिल १९७५ रोजी क्लीव्हलँडच्या म्युनिसिपल स्टेडियमवर क्लीव्हलँड संघाची यादी फ्रँक रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसाने लिहिली. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये असे त्यापूर्वी कधीही घडले नव्हते. २०२५ मध्ये त्या दिवसाला पन्नास वर्षे पूर्ण झाली.

त्या दिवसाची गोष्ट अमेरिकेत हमखास सांगितली जाते ती एका फटक्यासाठी. समोर न्यूयॉर्क यांकीज, मैदानात छप्पन हजारांहून अधिक प्रेक्षक. पहिला चेंडू रेचेल रॉबिन्सन यांच्या हस्ते टाकून घेतलेला. रेचेल म्हणजे मेजर लीगमधला वर्णभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांच्या पत्नी (जॅकी आणि फ्रँक यांचे आडनाव एकच, नाते काही नाही). फ्रँक रॉबिन्सन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते आणि मॅनेजर असूनही अद्याप खेळत होते. त्यांनी स्वतःचे नाव यादीत दुसऱ्या क्रमांकावर लिहिले होते. पहिल्याच इनिंगमध्ये ते बॅट घेऊन उभे राहिले आणि यांकीजच्या डॉक मेडिच याचा चेंडू त्यांनी कुंपणापलीकडे भिरकावून दिला. क्लब चालवणारे जनरल मॅनेजर फिल सेगी यांनी त्याच दिवशी त्यांना गमतीने सुचवले होते म्हणे, की पहिल्याच खेपेला होमरन मारून टाका. क्लीव्हलँडने सामना ५-३ असा जिंकला. एखाद्या पटकथेत हा प्रसंग असता तर आपल्याकडच्या निर्मात्यानेही ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून तो खोडायला लावला असता.

पण आम्हाला त्या होमरनचे तितकेसे अप्रूप नाही. फ्रँक रॉबिन्सन यांना होमरन मारता येतो, हे जगाला त्याआधी ५७४ वेळा कळून चुकले होते. नवा होता तो कागद.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी इथे थोडे थांबायला हवे. बेसबॉलचा मॅनेजर हा आपल्या परिचयाचा, सामानाच्या बॅगा आणि हॉटेलच्या खोल्या सांभाळणारा व्यवस्थापक नव्हे. निवड समितीचा अर्धा अधिकार, कर्णधाराचा जवळजवळ सगळा आणि प्रशिक्षकाची जबाबदारी, हे एकाच माणसात ओतले की बेसबॉलचा मॅनेजर होतो. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की तो उठतो, सावकाश चालत मैदानाच्या मधोमध जातो आणि पिचरच्या हातातला चेंडू काढून घेतो. पन्नास हजार लोकांदेखत एक माणूस दुसऱ्याला ‘तुझे आजचे काम संपले’ असे सांगतो, आणि दुसऱ्याला ते मुकाट्याने ऐकावे लागते. हा माणूस कृष्णवर्णीय आणि चेंडू परत करणारा गोरा असू शकतो, ही कल्पनाच अमेरिकी बेसबॉलच्या मालकांना पचत नव्हती.

ती किती काळ पचत नव्हती ते पाहा. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि मेजर लीगचा वर्णभेदाचा दरवाजा उघडला. त्यानंतर विली मेज आले, हँक एरन आले, अर्नी बँक्स आले. विक्रमांच्या वह्या त्यांच्या नावांनी भरल्या. ८ एप्रिल १९७४ रोजी, म्हणजे आपल्या कथेच्या बरोबर एक वर्ष आधी, हँक एरन यांनी ७१५ वा होमरन मारून बेब रूथ यांचा विक्रम मागे टाकला. आणि तरीही १९७४ च्या मोसमात चोवीस संघांपैकी एकाचीही यादी कृष्णवर्णीय हाताने लिहिलेली नव्हती. १९६२ मध्ये शिकागो कब्जने बक ओनील यांना कोच म्हणून घेतले. मेजर लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय कोच. त्या वर्षी कब्जकडे एक मॅनेजर नव्हता, कोचांचे मंडळ आळीपाळीने संघ चालवत असे. ओनील यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्स हा कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमधला नामांकित संघ कित्येक वर्षे चालवलेला. तरी त्यांची पाळी काही आली नाही. मनगट चालेल, पाय चालतील. डोके मात्र आमचेच, असा तो अलिखित करार होता.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्याआधी जॅकी रॉबिन्सन यांचा सत्कार झाला. मधुमेहाने शरीर पोखरलेले, दृष्टी जवळजवळ गेलेली, केस पांढरे. आभार मानून झाल्यावर ते म्हणाले, की तिसऱ्या बेसच्या बाजूला नजर टाकल्यावर तिथे एखादा कृष्णवर्णीय माणूस संघ चालवताना दिसेल तेव्हा मला अधिक आनंद होईल. सत्काराच्या व्यासपीठावर यजमानांना असे ऐकवायला धैर्य लागते. नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले.

हे सगळे मराठी वाचकाला तसे परके नाही. पळवणकर बाळू या दलित गोलंदाजाच्या डावखुऱ्या फिरकीवर हिंदू संघाला सामने जिंकायचे होते, पण पुण्यात त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. ते आले धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे, १९२३ साली. गोलंदाजी ज्याच्याकडून हवी त्याच्याकडून हुकूम मात्र नको, हे गणित ओहायोत आणि मुंबईत एकाच पद्धतीने सोडवले गेले.

फ्रँक रॉबिन्सन हे काही समन्वयवादी, हसतमुख, सर्वांना आवडणारे गृहस्थ नव्हते, आणि ते बरेच झाले. जन्म १९३५ चा, टेक्ससमधल्या बोमाँटचा; दहा भावंडांत शेंडेफळ. वाढले कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या पश्चिम भागातल्या गरीब वस्तीत. तिथल्या मॅकक्लिमंड्स हायस्कूलबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवे. या शाळेच्या बास्केटबॉल संघात रॉबिन्सन यांच्यासोबत बिल रसेल होते, जे पुढे १९६६ मध्ये बोस्टन सेल्टिक्सचे खेळाडू आणि प्रशिक्षक असे दोन्ही झाले. एनबीएमधले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. याच शाळेच्या कर्ट फ्लड यांनी खेळाडूला जन्मभर एकाच मालकाशी बांधून ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली. खटला हरले, पण नियम पुढे फार काळ टिकला नाही. एका शाळेने याहून अधिक काय करायचे असते?

१९५६ मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून पहिल्याच मोसमात रॉबिन्सन यांनी ३८ होमरन मारले आणि नवख्या खेळाडूच्या विक्रमाशी बरोबरी केली. ते प्लेटला इतके चिकटून उभे राहत, की पिचरला एक तर त्यांना आवडेल तिथे चेंडू टाकावा लागे किंवा त्यांच्या अंगावर. पुष्कळांनी दुसरा पर्याय निवडला. कारकिर्दीत १९८ वेळा चेंडू त्यांच्या अंगावर आदळला. ते उठत, धूळ झटकत आणि पुन्हा तिथेच उभे राहत. मैदानाबाहेरही तसेच. १९६१ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीतल्या एका खानावळीत बाचाबाची झाली, खिशात पिस्तूल सापडले, अटक झाली, दंड भरावा लागला. त्याच वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा; दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. १९६५ च्या डिसेंबरात रेड्सनी त्यांना बाल्टिमोर ओरिओल्सकडे धाडून दिले. तीस वर्षांचा असला तरी हा तरुण तिशीतला नव्हे, असा काहीसा खुलासा क्लबच्या मालकाने केला. पुढच्या वर्षी या ‘वयस्क’ माणसाने .३१६ सरासरी, ४९ होमरन आणि संघाला मिळवून दिलेल्या १२२ धावा, अशा तिन्ही याद्यांत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. बाल्टिमोरने डॉजर्सना ४-० असे धुवून वर्ल्ड सिरीज जिंकली. दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारे ते पहिलेच. पुढची अठ्ठावन्न वर्षे ते एकटेच राहिले. २०२४ मध्ये शोहेई ओहतानी त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

त्या १९६६ च्या मे महिन्यात त्यांनी मारलेला एक चेंडू बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियमच्या भिंतींपलीकडे जाऊन पडला. तसे तिथे ना पूर्वी कधी झाले, ना नंतर. तो जिथून बाहेर गेला त्या जागी क्लबने एक झेंडा लावला. त्यावर शब्द एकच, ‘इथे’. याच शहरात, याच वर्षी, रॉबिन्सन यांच्या पत्नी बार्बरा भाड्याचे घर शोधत फिरत होत्या आणि दारे त्यांच्या तोंडावर बंद होत होती. चेंडूला जागा होती.

मॅनेजर होण्याची तयारी त्यांनी कुणी बोलावण्याची वाट न पाहता सुरू केली. ओरिओल्सच्या ड्रेसिंग रूममध्ये सामना जिंकल्यावर एक खोटे न्यायालय भरत असे. न्यायाधीश रॉबिन्सन. डोक्यावर विग म्हणून फरशी पुसण्याचा मॉप. कुणी बेसवर धावताना आळस केला, कुणी मूर्खासारखा चेंडू फेकला, की खटला उभा राहायचा आणि किरकोळ दंड व्हायचा. सगळे पोट धरून हसत. पण हसता हसता खेळाची प्रत्येक चूक उलगडून पाहिली जात होती आणि तिच्यावर निवाडा देणारा एक कृष्णवर्णीय माणूस आहे, याची गोऱ्या सहकाऱ्यांना सवय होत होती. दुसरी शाळा पोर्टो रिकोत. ओरिओल्सचे मॅनेजर अर्ल वीव्हर यांनी शब्द टाकला आणि १९६८-६९ च्या हिवाळ्यापासून रॉबिन्सन सान हुआनच्या सांतुर्से संघाचे मॅनेजर झाले. बाकीचे तारे हिवाळ्यात गोल्फ खेळत असताना मेजर लीगमधला हा सर्वोत्तम फलंदाज कॅरिबियन बेटावर याद्या लिहीत होता, पिचर बदलत होता, चुकत होता. मेजर लीगमध्ये ज्या पदाची जाहिरातही निघालेली नव्हती त्याच्यासाठी ही उमेदवारी चालू होती.

अखेर बोलावणे आले ते क्लीव्हलँडहून. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी घोषणा झाली. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून जातीने हजर होते, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची अभिनंदनाची तार आली. इतिहास घडवायला मिळालेला संघ मात्र कसा होता? १९५४ नंतर काही न जिंकलेला. १९७४ च्याच जूनमध्ये प्रेक्षक यावेत म्हणून दहा सेंटला बिअर विकण्याची शक्कल क्लबने लढवली, झिंगलेले लोक मैदानात घुसले, आणि क्लीव्हलँडला तो सामना गमवावा लागला. कोसळत्या घराची किल्ली सन्मानपूर्वक हातात देणे, ही पद्धत काही फक्त अमेरिकेची नव्हे.

या घोषणेच्या कडेला उभे असलेले एक नाव आम्हाला नेहमी खुणावते. लॅरी डोबी. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्यापाठोपाठ, अवघ्या अकरा आठवड्यांनी, बिल वेक या मालकाने त्यांना याच क्लीव्हलँडकडून मैदानात उतरवले. जॅकींनी खाल्ल्या त्या सगळ्या शिव्या डोबींनीही खाल्ल्या, पण इतिहासाला दुसऱ्याचे नाव लक्षात ठेवायची सवय नाही. १९७४ मध्ये ते क्लीव्हलँडच्याच संघात कोच होते आणि मॅनेजरपदाची आस धरून होते. पद गेले रॉबिन्सन यांच्याकडे. चार वर्षांनी शिकागो व्हाइट सॉक्सने डोबींना मॅनेजर केले. तिथेही मालक बिल वेकच. डोबी झाले दुसरे कृष्णवर्णीय मॅनेजर. ८७ सामने, ३७ विजय, आणि मोसम संपल्यावर निरोप.

क्लीव्हलँडमध्ये रॉबिन्सन यांचे कुणाशी ना कुणाशी वाजतच राहिले. संघाचा सर्वांत मोठा पिचर गेलॉर्ड पेरी यांच्याशी त्यांचे जमले नाही. पेरी यांची दोन महिन्यांतच दुसऱ्या क्लबकडे रवानगी झाली. पंचांशी खटके उडाले. जे आपल्याला सहज जमत होते ते इतरांना का जमत नाही, हा प्रश्न मोठ्या खेळाडूला प्रशिक्षक झाल्यावर छळतो, तसा त्यांनाही छळत होता, आणि तो ते चेहऱ्यावरून लपवत नसत. पहिल्या वर्षी ७९ विजय, ८० पराभव. दुसऱ्या वर्षी ८१ विजय, ७८ पराभव. गचाळ संघाचा त्यांनी बऱ्यापैकी संघ केला, याहून जास्त काही म्हणता येणार नाही.

याच काळातली एक गोष्ट मात्र आम्हाला त्या पहिल्या दिवसाच्या होमरनपेक्षा कितीतरी मोठी वाटते. १९७६ मध्ये खेळाडू म्हणून ते थांबले तेव्हा त्यांच्या खात्यात २,९४३ हिट्स आणि ५८६ होमरन होते. तीन हजार हिट्स आणि सहाशे होमरन या बेसबॉलमधल्या दोन सुवर्णरेषा. एकीला ५७ कमी, दुसरीला १४. यादी लिहिणारे तेच होते. रोज आपले नाव लिहिले असते तर त्यांना हटकणारे कुणी नव्हते, आणि तिकीटविक्रीच्या आशेने क्लबने टाळ्याच वाजवल्या असत्या. त्या मोसमात ते फक्त ३६ सामन्यांत खेळले. खांदा दुखत होता, तरुण मुले बाकावर होती. मॅनेजर रॉबिन्सन यांनी खेळाडू रॉबिन्सन यांना बसवून ठेवले. शतकाच्या उंबरठ्यावरच्या फलंदाजासाठी डाव लांबवण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी यावर थोडा वेळ विचार करायला हरकत नाही.

१९ जून १९७७ रोजी क्लीव्हलँडने त्यांना काढले. नेमणूक होणारे पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर ते, म्हणून बडतर्फ होणारे पहिलेही तेच. तेव्हा अनेकांना वाटले की प्रयोग फसला. आमचे मत उलट आहे. मॅनेजर हे नेमायचे आणि काढायचेच पद असते. खरी कसोटी काढल्यानंतर असते: दुसरी संधी मिळते का? सामान्य कामगिरीच्या गोऱ्या मॅनेजरांची वरात एका क्लबच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात जात असे, दशकानुदशके. हरून झाल्यावर पुन्हा बोलावले जाणे हा त्यांचा हक्क होता, इतका अंगवळणी पडलेला की त्याला कुणी हक्क म्हणतही नसे. रॉबिन्सन खालच्या पायरीवर उतरले. कुणाकडे फलंदाजीचे कोच झाले, कुणाकडे धाकट्या लीगचा संघ सांभाळला. आणि १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्यांना बोलावले. नॅशनल लीगमध्येही पहिले. १९८२ मध्ये त्यांचा संघ पहिल्या क्रमांकापासून अवघ्या दोन विजयांनी दूर राहिला. त्याच वर्षी हँक एरन यांच्याबरोबर त्यांना हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. १९८४ मध्ये जायंट्सनीही त्यांना काढले.

मग आला १९८७ चा ६ एप्रिल. जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणाला चाळीस वर्षे होत होती, म्हणून टीव्हीवर विशेष कार्यक्रम. पाहुणे म्हणून डॉजर्सचे बडे अधिकारी अल कँपॅनिस. त्यांना विचारले, की कृष्णवर्णीय मॅनेजर का दिसत नाहीत? (त्या क्षणी सव्वीस संघांत एकही नव्हता.) त्यांनी उत्तर दिले, की मॅनेजर व्हायला जे काही अंगी लागते त्यातले काही बहुधा त्यांच्यात नसावे. सूत्रसंचालक त्यांना पुन्हा पुन्हा सावरण्याची संधी देत होता आणि कँपॅनिस अधिकच खोल जात होते. दोन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. तारीख होती ८ एप्रिल. हे गृहस्थ १९४६ मध्ये मॉन्ट्रियल संघात जॅकी रॉबिन्सन यांचे सहकारी होते, त्यांचे मित्र होते. खलनायक शोधणाऱ्यांची इथे पंचाईत होते. शेजारी खेळायला त्यांची कधीच हरकत नव्हती. हाताखाली काम करण्याचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

एका वर्षाने रॉबिन्सन पुन्हा डगआउटमध्ये होते, आणि कुणाही शत्रूवर येऊ नये अशा परिस्थितीत. १९८८ च्या मोसमात बाल्टिमोरने पहिले सहाही सामने हरल्यावर मॅनेजर कॅल रिपकेन यांना काढले. त्यांची दोन मुले त्याच संघात खेळत होती. त्यांच्यासमोर वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसायचे होते रॉबिन्सन यांना. मग पुढचा सामना हरले, त्याच्या पुढचाही. दहा, पंधरा, अठरा. देशभरचे पत्रकार बाल्टिमोरच्या मागे हिंडू लागले, अपघात पाहायला गर्दी जमते तसे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी धीर द्यायला फोन केला. मोसमाच्या सुरुवातीला सलग २१ पराभव, हा विक्रम आजही अबाधित आहे. २९ एप्रिलला शिकागोत ९-० असा पहिला विजय मिळाला. त्यानंतर संघ घरी परतला तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोक मैदानात जमले होते, त्या एका विजयाचे कौतुक करायला. मोसमाअखेर हिशेब ५४ विजय, १०७ पराभव. पण या वेळी क्लबने त्यांना काढले नाही.

पुढचे वर्ष, १९८९, हे त्यांच्या मॅनेजरपदाचे शिखर. तोच क्लब, बरीचशी नवी पोरे, आणि ८७ विजय. वर्षातले सर्वोत्तम मॅनेजर म्हणून निवड झाली. गटविजेतेपदाची लढत अखेरच्या शनिवार-रविवारपर्यंत गेली, टोरांटोशी. टोरांटोचे मॅनेजर होते सिटो गॅस्टन, तेही कृष्णवर्णीय. त्या जूनमध्ये हे दोघे प्रथम समोरासमोर आले तेव्हा मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही याद्या कृष्णवर्णीय हातांनी लिहिल्या गेल्या होत्या. अखेर टोरांटो जिंकले, बाल्टिमोर हरले. दोघांतला एक हरणारच होता, आणि त्या हरण्याचा कातडीच्या रंगाशी कुणालाही काडीचा संबंध जोडता येत नव्हता. जॅकी रॉबिन्सन यांना तिसऱ्या बेसच्या बाजूला जे पाहायचे होते ते आमच्या मते त्या आठवड्यात पूर्ण झाले, १९७५ मध्ये नव्हे. गॅस्टन यांनी पुढे १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकली.

उरलेले झटपट सांगता येईल. १९९१ मध्ये बाल्टिमोरने काढले. काही वर्षे कार्यालयात, नंतर लीगच्या मुख्यालयात मारामाऱ्या करणाऱ्या खेळाडूंना शिक्षा ठोठावण्याचे काम. मॉप घातलेल्या न्यायाधीशाला खरीखुरी खुर्ची मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. २००२ मध्ये लीगने स्वतःच ताब्यात घेतलेला, बंद पडू घातलेला मॉन्ट्रियल एक्स्पोज हा क्लब त्यांच्या गळ्यात पडला. पैसे नाहीत, प्रेक्षक नाहीत, २००३ मध्ये तर घरचे २२ सामने चार पैसे मिळावेत म्हणून सान हुआनला नेलेले. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी जिथे उमेदवारी केली त्याच गावात ते आता विंचवाच्या बिऱ्हाडासारखा संघ घेऊन परतले. तरी दोन्ही वर्षी ८३ विजय. २००५ मध्ये हाच क्लब वॉशिंग्टनला गेला आणि नॅशनल्स झाला. त्या वर्षी ८१ विजय, ८१ पराभव.

२००६ च्या अखेरीस ते निवृत्त झाले तेव्हा मॅनेजर म्हणून त्यांच्या नावावर १,०६५ विजय आणि १,१७६ पराभव होते. एकदाही त्यांचा संघ मोसमानंतरच्या बाद फेरीपर्यंत पोचला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा मृत्युलेखांत हे आकडे संकोचाने, शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी दिले गेले. आम्हाला ते वर, ठळक टाइपात हवे होते. पहिला येणारा नेहमी असामान्य असतो. त्याला असामान्य असावेच लागते, त्याशिवाय दार उघडत नाही. पण १,१७६ पराभव पदरी असलेल्या माणसाला पाच शहरांत संघ चालवायला मिळाला, हे दार उघडे राहिल्याचे लक्षण.

ते किती उघडे राहिले? २०२५ च्या मोसमाच्या सुरुवातीला तीस संघांपैकी दोघांचे मॅनेजर कृष्णवर्णीय होते: गतविजेत्या डॉजर्सचे डेव्ह रॉबर्ट्स आणि एंजल्सचे रॉन वॉशिंग्टन. मैदानावरच्या कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूंचे प्रमाणही तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपास घसरले होते. रॉबिन्सन मॅनेजर झाले तेव्हा ते याच्या जवळजवळ तिप्पट होते. शिवाय यादी लिहिण्याचे कामही आता डगआउटपुरते उरलेले नाही. वरच्या मजल्यावर आकडेतज्ज्ञांच्या खोल्या झाल्या आहेत, कोण कधी खेळावा याचा बराचसा निर्णय तिथून उतरतो. तेव्हा यापुढे मोजणी करायची तर ती जिना चढून करावी लागेल.

त्यांच्या शेवटच्या मोसमातला एक दिवस. २५ मे २००६, वॉशिंग्टन, समोर ह्यूस्टन. मॅट लक्रॉय हा फलंदाजीसाठी घेतलेला धिप्पाड, सज्जन खेळाडू निकड म्हणून कॅचरच्या जागी उभा केलेला. त्याची फेक दूर जाईना. ह्यूस्टनच्या खेळाडूंनी ते ओळखले आणि त्याच्या डोळ्यांदेखत सात बेस चोरले. त्याने दोनदा चेंडू भलतीकडे फेकला. सातव्या इनिंगच्या अधेमध्येच रॉबिन्सन यांनी त्याला बाहेर बोलावले. इनिंग संपेपर्यंत थांबणे ही एक शिष्टाचाराची रीत. तेवढाही वेळ त्यांच्यापाशी नव्हता. लक्रॉय मान खाली घालून आला. नंतर तो म्हणाला, की माझे वडील मॅनेजर असते तर त्यांनीही मला काढलेच असते.

सामना संपल्यावर पत्रकारांनी रॉबिन्सन यांना त्याबद्दल विचारले. ते सत्तरीत होते. अंगावर १९८ चेंडू झेलूनही प्लेटपासून मागे न सरकलेला, कमी कुवतीच्या खेळाडूंवर जन्मभर कावलेला तो माणूस उत्तर देता देता रडू लागला. त्या पोराचा यात काही दोष नव्हता, एवढेच त्यांना सांगायचे होते. वॉशिंग्टनने तो सामना ८-५ असा जिंकलेला होता.